मोबाइलला तुमचा ठावठिकाणा कसा कळतो, आणि कळल्यावर त्याचे काय होते

मुंबईच्या लोकलचे तिकीट यूटीएस अ‍ॅपमधून काढलेल्या प्रवाशांना एक अडचण चांगलीच ठाऊक आहे. फलाटावर उभे राहून तिकीट काढायला गेले, की अ‍ॅप नकार देते आणि स्थानकापासून व रुळांपासून दूर जाऊन प्रयत्न करायला सांगते. रेल्वेचा हेतू सरळ आहे. तिकीट तपासनीस समोर दिसल्यावर खिशातला फोन काढून घाईघाईने तिकीट घेणाऱ्यांना आळा बसावा, म्हणून स्थानक आणि रूळ यांच्याभोवती एक अदृश्य कुंपण आखलेले आहे, आणि त्या कुंपणाच्या आत असलेल्या फोनवरून कागदविरहित तिकीट निघत नाही. स्थानकात लावलेला क्यूआर कोड स्कॅन केला तरच ते तिथे मिळत असे. पूर्वी बाहेरच्या बाजूनेही अशीच मर्यादा होती, म्हणजे स्थानकापासून ठरावीक किलोमीटरांच्या पलीकडे असतानाही तिकीट काढता येत नसे. ही बाहेरची मर्यादा रेल्वेने २०२४ मध्ये उठवली, आतले कुंपण मात्र कायम ठेवले.

स्थानाधारित सेवांचे शास्त्र आणि त्यांच्याविषयीचा वाद हे दोन्ही या साध्या सोयीत सामावलेले आहेत. फोन कुठे आहे हे त्याला कळते कसे, तो कुंपणाच्या आत आहे की बाहेर याचा निर्णय कोण आणि कुठे घेते, आणि तिकीट निघाल्यावर त्या ठिकाणाची नोंद कुठे शिल्लक राहते का, असे तीन प्रश्न इथे उभे राहतात. पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि दुसरा अभियांत्रिकीचा. आपल्या खासगी आयुष्याशी थेट संबंध येतो तो तिसऱ्याचा, पण त्याचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उत्तरातच ठरून गेलेले असते. परवानगी मागणारी चौकट पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी अ‍ॅप रचणाऱ्याने जे निर्णय घेतलेले असतात, त्यांवर वापरकर्त्याच्या खासगीपणाचे बरेचसे भवितव्य अवलंबून असते. म्हणून ते निर्णय कोणते असतात हे अ‍ॅप न बनवणाऱ्या माणसालाही समजले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

उपग्रह तुम्हाला पाहत नाही

आकाशातला उपग्रह आपल्या फोनवर नजर ठेवून असतो, हा जीपीएसबद्दलचा फार पसरलेला गैरसमज आहे. प्रत्यक्षात जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असताना अणुघड्याळाने मोजलेली वेळ आणि स्वतःची जागा सतत प्रक्षेपित करत असतात, आणि फोन ते प्रक्षेपण नुसते ऐकतो. उलट दिशेने उपग्रहाकडे तो काहीही पाठवत नाही. आपला संदेश किती फोन ऐकत आहेत हे कळण्याचा कोणताही मार्ग उपग्रहाकडे नसतो. संदेश निघाल्याची वेळ आणि तो पोहोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की त्या उपग्रहापासूनचे अंतर मिळते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात प्रकाश सुमारे ३०० मीटर जातो, त्यामुळे घड्याळ तेवढ्याने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते. फोनमधले घड्याळ इतके काटेकोर नसल्याने त्याची चूकही अज्ञात धरावी लागते, आणि जागेचे तीन व वेळेचा एक असे चार अज्ञात सोडवण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. हे सगळे गणित फोनच्या आत होते. तुमची जागा ठाऊक असलेली वस्तू या क्षणापर्यंत जगात एकच असते, आणि ती तुमच्या हातात असते.

जीपीएस चालवणारे अमेरिकी लष्कर नागरी वापरासाठीच्या संदेशात २००० सालापर्यंत मुद्दाम चूक मिसळत असे आणि त्यामुळे सामान्य यंत्रावर सुमारे १०० मीटरपर्यंत फरक पडत असे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयानुसार मे २००० च्या आरंभी ही मिसळ थांबली आणि गल्लीतले नेमके दार दाखवणाऱ्या सेवांचा रस्ता मोकळा झाला. परक्या लष्कराच्या मर्जीवर विसंबून राहणे नको, म्हणून भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून नाविक ही स्वतःची यंत्रणा उभी केली, आणि मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून तिचे संदेश फोनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एल-१ या रेडिओलहरींच्या पट्ट्यातही येऊ लागले. आजचे अनेक फोन जीपीएसच्या जोडीला रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू याही यंत्रणा ऐकतात.

उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो, त्यामुळे तळघरात किंवा जाड स्लॅबखाली तो मिळत नाही. शिवाय आपली नेमकी कक्षा सांगणारी माहिती जीपीएस उपग्रह सेकंदाला ५० बिट एवढ्या मंद गतीने पाठवतो, आणि ती पूर्ण ऐकायला साधारण अर्धा मिनिट जातो. म्हणून फोन ही माहिती इंटरनेटवरून आधीच मागवून घेतो, आणि घरात, दुकानात, कार्यालयात असताना तो मोबाइलचे टॉवर आणि वाय-फाय यांचा आधार घेतो. ठावठिकाणा फोनच्या बाहेर पडायला सुरुवात होते ती इथून.

कॉल आला तर तो कुठे पोहोचवायचा हे ठरवण्यासाठी तुमचा फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे हे दूरसंचार कंपनीला माहीत असावेच लागते. दाट वस्तीच्या शहरात ही कक्षा काहीशे मीटरांची, तर माळरानावर कित्येक किलोमीटरांची असते. लोकेशनचे बटण बंद केले, किंवा फोन साधा कळफलकाचा असला, तरीही ही माहिती कंपनीकडे राहतेच, कारण ती नोंद फोन करत नसून कंपनीचे जाळे करते. वाय-फायची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक राउटर आपला स्वतंत्र क्रमांक हवेत सतत जाहीर करत असतो, आणि कोणता क्रमांक साधारण कुठे ऐकू येतो याच्या प्रचंड याद्या काही मोठ्या कंपन्यांनी रस्त्यांवर गाड्या फिरवून आणि लाखो फोनांकडून माहिती गोळा करून तयार केल्या आहेत. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतेच. जानेवारी २००८ मध्ये त्याला नकाशावर जागा दाखवता येऊ लागली ती टॉवर आणि वाय-फाय यांच्याच जोरावर. या पद्धतीत फोन एखाद्या सर्व्हरला विचारतो की मला आसपास हे हे राउटर ऐकू येत आहेत, तर मी कुठे आहे. म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही तुमची जागा त्याच क्षणी कळते. ज्यांच्या घरातला राउटर यादीत गेला, त्यांना तर कुणी विचारलेलेही नसते.

एप्रिल २०११ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिले, की आयफोनमधील एका साध्या फाइलमध्ये जवळपास वर्षभराच्या स्थाननोंदी साठत होत्या आणि संगणकाला फोन जोडला की त्या फाइलची प्रतही संगणकावर जात होती. आसपासच्या टॉवरांची आणि वाय-फायची ती तात्पुरती नोंद होती, चुकीमुळे ती लांबत गेली, असा खुलासा अ‍ॅपलने केला आणि साठवणीची मुदत सात दिवसांवर आणली. त्या नोंदी जमवून एखाद्या माणसावर पाळत ठेवायची असे कुणाच्या मनात होते, याचा पुरावा नाही. जागा लवकर सापडावी एवढाच हेतू होता, आणि तरीही वर्षभराचा माग तयार झाला. स्थानाधारित सेवांतील बरेचसे धोके असेच, वाईट हेतूशिवाय, निष्काळजी रचनेतून जन्माला येतात.

अ‍ॅप रचताना घेतले जाणारे निर्णय

अ‍ॅप बनवणारा उपग्रहांशी किंवा टॉवरांशी स्वतः व्यवहार करत नाही. तो अँड्रॉइड किंवा आयओएस या प्रणालीकडे जागा मागतो, आणि प्रणाली उपग्रह, वाय-फाय, टॉवर आणि हालचाल ओळखणारे सेन्सर यांची सांगड घालून उत्तर देते. मागताना त्याला ठरवावे लागते की जागा किती अचूक हवी, किती वेळाने हवी, आणि अ‍ॅप पडद्यावर नसतानाही हवी का.

अचूकतेचे गणित एकदा समजले की विसरत नाही. पुण्याचा शनिवारवाडा साधारण १८.५१९५ उत्तर अक्षांश आणि ७३.८५५३ पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशात दशांश चिन्हानंतर दोनच आकडे ठेवले तर जागा सुमारे एक किलोमीटरच्या पट्ट्यापर्यंत कळते, तीन ठेवले तर सुमारे ११० मीटर, चार ठेवले तर ११ मीटर, आणि पाच ठेवले तर जवळजवळ एक मीटरपर्यंत. संध्याकाळी पाऊस पडेल का हे सांगणाऱ्या अ‍ॅपला दोन आकडे भरपूर झाले, कारण पेठेत आणि शेजारच्या पेठेत वेगळे हवामान अंदाज नसतात. दारात रिक्षा बोलावणाऱ्या अ‍ॅपला पाच आकडे लागतात, पण तेही रिक्षा येऊन प्रवास संपेपर्यंतच. अंदाजे जागा देण्याचा पर्याय आयओएसमध्ये २०२० साली आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ साली आला, आणि अ‍ॅप बंद असतानाच्या स्थानासाठी वेगळी परवानगी घेण्याचे बंधन अँड्रॉइडने २०१९ मध्ये घातले. त्याआधीची कित्येक वर्षे साध्या बातम्यांच्या अ‍ॅपलाही पाच आकडे, चोवीस तास, एका होकारात मिळत होते.

दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा आहे, आणि तो वापरकर्त्याच्या दृष्टीस कधीच पडत नाही. कुंपणाची तपासणी दोन प्रकारे करता येते. फोनने दर काही सेकंदांनी आपली जागा सर्व्हरला कळवायची आणि आत की बाहेर हे सर्व्हरने ठरवायचे, हा एक प्रकार. सर्व्हरने कुंपणांची यादी फोनला देऊन ठेवायची, तपासणी फोननेच करायची आणि गरज पडली तर ‘आत आला’ एवढे एकच वाक्य कळवायचे, हा दुसरा. वापरकर्त्याला दोन्हींत सारखीच सेवा मिळते. पहिल्यात मात्र त्याच्या दिवसभराच्या हालचालींचा माग कुणाच्या तरी संगणकावर तयार होतो आणि दुसऱ्यात तो तयारच होत नाही. दुसऱ्या प्रकारासाठीची सोय दोन्ही प्रणालींमध्ये आहे. अँड्रॉइडवर एका अ‍ॅपला एका वेळी १०० कुंपणे आखता येतात, आयफोनवर २०, आणि कुंपणाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवावी असे अँड्रॉइडचे मार्गदर्शन सांगते. बॅटरीही दुसऱ्याच प्रकारात कमी खर्च होते. तरीही पहिला प्रकार पुष्कळदा निवडला जातो, कारण सर्व्हरवर साठलेला माग पुढे कशालातरी उपयोगी पडेल असे कंपनीला वाटत असते. ‘पुढे कशालातरी’ साठवणे हे मला या क्षेत्रातले सर्वांत मोठे दुखणे वाटते.

बसची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला बस कुठे आहे हे हवे असते. प्रवासी कुठे आहे हे बसला कळण्याचे काही कारण नसते. बेस्टच्या बसगाड्यांची चालू जागा आता मोबाइलवर दिसते, आणि अशा सेवेसाठी बसमध्ये बसवलेले यंत्र पुरेसे असते. जवळचा थांबा शोधायचा झाला, तर अख्ख्या शहरातील थांब्यांची यादी फोनमध्ये सहज मावते आणि सर्वांत जवळचा कोणता हे फोन स्वतःच काढू शकतो.

कधीकधी प्रश्नच चुकीचा मांडला जातो. २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या आरोग्य सेतू अ‍ॅपचे काम बाधित व्यक्तीच्या जवळ कोण कोण आले होते हे शोधणे हे होते. ‘जवळ कोण होते’ याचे उत्तर ब्लूटूथवरून मिळते, त्यासाठी ‘कुठे होते’ हे कळावे लागत नाही. आरोग्य सेतूने दोन्ही घेतले. दर १५ मिनिटांनी जागेची नोंद फोनमध्ये होत असे आणि चाचणी बाधित आल्यास ती सरकारी सर्व्हरवर जात असे. त्याच काळात अ‍ॅपल आणि गूगल यांनी मिळून उभारलेल्या यंत्रणेत स्थान घेण्यालाच बंदी होती आणि ती केवळ ब्लूटूथवर चालत होती. साथीच्या नकाशासाठी जागा उपयोगाची आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच निराधार नव्हता; पण त्या नकाशासाठी दोन दशांश आकडे चालले असते.

उलट, जिथे जागा खरोखरच लागते तिथे ती नीट घेतली गेली पाहिजे. ११२ क्रमांकावर मदत मागणाऱ्याची जागा जितकी अचूक कळेल तितके चांगले, यावर कुणाचे दुमत नसावे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या गटात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो, त्यावर अक्षांश-रेखांश उमटतात आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. इथे जागा एकदाच लागते, ती पिकाशी जोडलेली असते, आणि शेतकरी त्यानंतर बाजारात गेला की सासुरवाडीला, याच्याशी यंत्रणेचा संबंध येण्याचे कारण नसते. एका कामापुरता एकच बिंदू घेण्याचे हे उदाहरण तत्त्वतः चांगले आहे.

मात्र त्यात एक खाचखळगा आहे, आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकताना तो ध्यानात ठेवला पाहिजे. अँड्रॉइड जागेसोबत अचूकतेचा जो आकडा देते, तो एका वर्तुळाची त्रिज्या असतो, आणि खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के असते. म्हणजे तीनांतील जवळजवळ एका वेळी माणूस त्या वर्तुळाच्याही बाहेर असतो. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे सुमारे ३२ मीटर बाजूचा चौरस. डोंगराच्या कुशीत किंवा दाट झाडीत, स्वस्त फोनवर ३० मीटरची चूक झाली, तर स्वतःच्या बांधाच्या आत उभा असलेला शेतकरी यंत्राच्या लेखी शेजाऱ्याच्या शेतात उभा असतो. अशा वेळी अ‍ॅपने त्याला अडवले, तर अनुदान आणि पीक विम्यापर्यंत त्याचे परिणाम पोहोचू शकतात. म्हणून कुंपण आखताना यंत्राच्या चुकीला पुरेशी जागा ठेवणे, आणि अ‍ॅपने अडवलेल्या माणसासाठी तलाठ्याकडे जाण्याची वाट उघडी ठेवणे, हा रचनेचाच भाग आहे. फोनने सांगितलेली जागा हा अंदाज असतो आणि तो पुरावा म्हणून वापरला जाऊ लागला की अंदाजातील चुकीची किंमत नेहमी वापरणाऱ्या माणसाच्या माथी येते.

एका बिंदूपासून अख्ख्या मागापर्यंत

तुम्ही एकदा कुठे होता, यातून फारसे काही कळत नाही. तुम्ही कुठून कुठे, किती वेळा, कोणत्या वेळी गेलात, यातून जवळपास सगळे कळते. रात्री फोन जिथे स्थिर असतो ते घर, दुपारी असतो ते कामाचे ठिकाण. मग दर गुरुवारचे मंदिर, महिन्यातून एकदाचे डायलिसिस केंद्र, निवडणुकीच्या आधीचे पक्ष कार्यालय, आणि कुणालाही न सांगता घेतलेली वकिलाची भेट. नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, असे कंपन्यांच्या धोरणांत लिहिलेले असते. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांद्र द मोंजोय आणि सहकाऱ्यांनी एका युरोपीय देशातील १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी अभ्यासल्या तेव्हा दिसले, की टॉवरइतकी ढोबळ जागा आणि तासाची वेळ असे केवळ चार बिंदू ठाऊक असले, तरी ९५ टक्के माणसांचा माग इतर सर्वांपासून वेगळा ओळखता येतो. कारण साधे आहे. तुमच्या इमारतीत पुष्कळ लोक राहतात आणि तुमच्या कार्यालयातही पुष्कळ जण येतात, पण त्या इमारतीतून निघून त्या कार्यालयात येणारे बहुधा तुम्ही एकटेच असता.

याचे परिणाम कागदावरचे नाहीत. धावणे आणि सायकल चालवणे नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचेही नाव नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने लक्षात आणून दिले, की युद्धग्रस्त देशांतील ओसाड भागांत उजळलेल्या रेषा म्हणजे लष्करी तळांभोवती धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा आहेत. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याला २०२१ मध्ये पद सोडावे लागले, ते बाजारातून मिळवलेल्या ‘निनावी’ अ‍ॅप-माहितीवरून त्यांचा फोन ओळखला गेल्यामुळे. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती आलेल्या एकाच फाइलमध्ये एक कोटी वीस लाखांहून अधिक अमेरिकी फोनांच्या पाच हजार कोटींहून अधिक स्थाननोंदी होत्या.

ही माहिती बाजारात येते कुठून, तर बहुधा अ‍ॅपमधील जाहिरातींच्या यंत्रणेतून. अ‍ॅप बनवणारा उत्पन्नासाठी जाहिरात कंपनीने दिलेला तयार कोड आपल्या अ‍ॅपमध्ये जोडतो, आणि वापरकर्त्याने अ‍ॅपला दिलेली स्थानाची परवानगी त्या कोडलाही आपोआप मिळते. फोनच्या जाहिरात-ओळख क्रमांकासह जागा बाहेर जाते आणि एका दलालाकडून दुसऱ्याकडे विकली जाते. फोनचा टॉर्च लावून देण्यापलीकडे काहीही न करणारे ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट नावाचे एक लोकप्रिय अ‍ॅप वापरकर्त्यांची अचूक जागा जाहिरातदारांना पुरवत होते, आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये त्यावर कारवाई केली. टॉर्चला जागा कशासाठी हवी, हा प्रश्न तेव्हा कोट्यवधी लोकांना पडला नव्हता. तो पडावा अशी व्यवस्थाही नव्हती.

जागा लपवण्याचे सोपे वाटणारे उपायही फसवे असतात. खरी जागा सांगू नये म्हणून दर वेळी तिच्यात थोडी यादृच्छिक चूक मिसळली, तर रोज रात्री नोंदल्या गेलेल्या चुकीच्या जागांची सरासरी काढून कुणीही नेमके घर शोधू शकतो; त्यापेक्षा दर वेळी ठरलेल्या एकाच चौकोनाचा मध्य सांगणे बरे. जागा न सांगता केवळ अंतर सांगणेही सुरक्षित नाही. टिंडर हे अ‍ॅप दुसरी व्यक्ती किती अंतरावर आहे एवढेच दाखवत असे, पण सर्व्हरकडून फोनकडे येणारे ते अंतर अतिशय अचूक असे. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून ते अंतर विचारले, की तीन वर्तुळे जिथे छेदतात तिथे ती व्यक्ती सापडते, हे सुरक्षा संशोधकांनी दाखवल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. उपग्रहांपासूनच्या अंतरावरून फोन आपली जागा काढतो, तेच हे गणित. इथे ते पाठलाग करणाऱ्याच्या हाती पडले होते. अंतर सर्व्हरवरच पूर्ण किलोमीटरात बदलून पाठवले असते तर हे इतके सहज शक्य झाले नसते.

घरच्या घरी होणारी एक चूक इथेच सांगून टाकतो. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना ते गळून पडतात; तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ते तसेच पुढे जातात. जुनी सायकल विकायला काढताना किंवा मुलांचे फोटो अनोळखी व्यक्तीला पाठवताना हे माहीत असलेले बरे.

कायदा कुठपर्यंत येतो

टॉवरच्या नोंदी पोलिसांनी कशा मिळवाव्यात, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जून २०१८ रोजी कार्पेंटर खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निकाल दिला. आरोपीच्या १२७ दिवसांच्या हालचालींचे १२,८९८ बिंदू सरकारने दूरसंचार कंपन्यांकडून न्यायालयीन वॉरंटशिवाय मिळवले होते. एवढा दीर्घ माग मिळवण्यासाठी साधारणतः वॉरंट लागेल, असे न्यायालयाने ठरवले. कंपनीकडे माहिती आपणहून दिली म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला, ही जुनी समजूत त्या निकालाने स्थाननोंदींपुरती मोडली, कारण फोन जवळ बाळगण्याला आजच्या जगण्यात खरा पर्याय उरलेला नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. त्याचा ठावठिकाण्याशी थेट संबंध जोडणारा निकाल ८ जुलै २०२४ चा आहे. अमली पदार्थांच्या खटल्यातील फ्रँक व्हायटस या परदेशी आरोपीला जामीन देताना, तपास अधिकाऱ्याला आपली जागा कळत राहावी म्हणून त्याने गूगल मॅप्सवर पिन टाकावी, अशी अट दिल्ली उच्च न्यायालयाने घातली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ती रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत पाळत ठेवता येईल अशी जामिनाची अट राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील अधिकाराचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. त्याच सुनावणीत गूगलच्या शपथपत्रातून हेही पुढे आले, की पिन टाकल्याने कुणाचा चालू माग मिळतच नाही. ज्या साधनाबद्दल आदेश द्यायचा ते कसे चालते हे आधी समजून घेण्याची गरज न्यायालयांनाही किती आहे, हे यातून दिसते.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात स्थानाचा वेगळा, अधिक संवेदनशील असा वर्ग केलेला नाही. इतर वैयक्तिक माहितीला लागू असलेलेच नियम त्याला लागू होतात. तरी त्यातील एक तत्त्व फार कामाचे आहे. सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक असेल तेवढ्याच माहितीपुरती संमती वैध, असे कायदा म्हणतो, आणि उदाहरण देतो ते दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपचे: अशा अ‍ॅपने फोनमधील संपर्कांची यादीही मागितली आणि वापरकर्तीने होकार दिला, तरी ती संमती वैद्यकीय सेवेपुरतीच धरली जाईल. हेच टॉर्चच्या अ‍ॅपला आणि त्याने मागितलेल्या जागेला लावून पाहावे. हेतू पूर्ण झाल्यावर माहिती पुसण्याचे बंधनही कायद्यात आहे, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्याला सर्वसाधारण मनाई आहे. दुसऱ्या बाजूला, केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सुरक्षेच्या कारणावरून अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळू शकते, आणि ही सूट फार रुंद आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याच्या आधी रचना कसा फरक पाडते, याचे मोठे उदाहरण गूगलचे आहे. ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून जागा नोंदली जात होती, हे ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने उघड केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ४० अमेरिकी राज्यांशी गूगलने ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड केली. एखाद्या घटनास्थळाच्या आसपास त्या वेळी असलेल्या सर्व फोनांची यादी द्या, असे आदेश अमेरिकी पोलीस तोवर गूगलला सर्रास देऊ लागले होते. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले, की ही टाइमलाइन आता कंपनीच्या सर्व्हरवर न राहता वापरकर्त्याच्या फोनवरच राहील. कंपनीकडे जे नाही ते कुठल्याही आदेशाने तिच्याकडून मागता येत नाही.

संमतीचा आधार जिथे सर्वांत दुबळा पडतो, ती जागा म्हणजे नोकरी. नागपूर महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस असलेली घड्याळे बांधली. चंडीगड आणि पंचकुल्यातही तसेच झाले. हजेरीतील गैरप्रकार थांबवणे हा त्यामागचा सांगितला गेलेला हेतू होता. पण हजेरीसाठी कामगार कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरलेल्या प्रभागात होता की नाही एवढेच कळावे लागते, तो मधल्या वेळात किती मिनिटे झाडाखाली बसला किंवा स्वच्छतागृह शोधत किती लांब गेला हे नव्हे. आणि रस्ता झाडणाऱ्या बाईला ‘मी हे घालणार नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य व्यवहारात नसते. नव्या कायद्यातही नोकरीशी संबंधित काही हेतूंसाठी मालकाला संमती घेण्याची गरज ठेवलेली नाही, त्यामुळे तिचे रक्षण परवानगीच्या चौकटीने होणार नाही. ते करायचे तर यंत्र खरेदी करताना कंत्राटातच लिहावे लागेल, की प्रभागात आल्याची आणि गेल्याची अशा दोनच नोंदी यंत्राने पाठवाव्यात, कामाची वेळ संपताच ते बंद व्हावे, आणि त्या महिन्याचा पगार झाल्यावर ठरावीक मुदतीत त्या नोंदी पुसल्या जाव्यात. अशा अटी निविदेत घालण्याचा आग्रह कामगार संघटना आणि नगरसेवक आजही धरू शकतात, कारण त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि नवे तंत्रज्ञानही लागत नाही.